गोठलेल्या जमिनीत करिअर

संभाजीनगरच्या मुलीनं घरी सांगितलं, की मला पर्माफ्रॉस्टवर संशोधन करायचंय, तर दोन प्रश्न ठरलेले. बर्फात राहावं लागेल का? आणि पगार किती? पहिल्याचं उत्तर लांबेल, म्हणून दुसऱ्याचं आधी देऊन टाकतो.

सीएसआयआर-नेटमधून कनिष्ठ संशोधन फेलोशिप मिळाली, तर पहिली दोन वर्षं दरमहा ३७ हजार रुपये आणि पुढं ४२ हजार, शिवाय घरभाडं. हे दर जानेवारी २०२३ पासूनचे. केंद्र सरकारच्या संशोधन संस्थेत ‘सायंटिस्ट बी’ म्हणून किंवा भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणात भूवैज्ञानिक म्हणून लागलं, तर सातव्या वेतन आयोगाच्या दहाव्या स्तरावर सुरुवात होते. म्हणजे मूळ वेतन ५६,१०० रुपये, भत्ते वेगळे. घर नीट चालतं. पण पीएचडीच्या वाटेनं गेलं तर तिथवर पोचेपर्यंत बहुतेकांची तिशी उजाडते, मधली काही वर्षं प्रकल्पांच्या कंत्राटी नेमणुकांवर जातात, आणि ‘पर्माफ्रॉस्ट शास्त्रज्ञ पाहिजेत’ अशी सरळ जाहिरात आपल्याकडं सहसा दिसत नाही. जागा निघते ती हिमनदीशास्त्र, दूरसंवेदन, भूभौतिकी, जलविज्ञान या नावांनी. ज्याला बारावीनंतर चार वर्षांत हातात पगार हवा आहे, त्यानं या वाटेला न गेलेलं बरं. हे आधीच सांगितलं म्हणजे पुढचं मोकळेपणानं बोलता येतं.

आता बर्फ. सलग दोन वर्षं किंवा त्याहून अधिक काळ जिचं तापमान शून्य अंश सेल्सिअसच्या वर गेलेलं नाही, ती जमीन म्हणजे पर्माफ्रॉस्ट. या व्याख्येत बर्फ कुठंच नाही. पाण्याचा थेंब नसलेला कोरडा कातळही पर्माफ्रॉस्ट असू शकतो. जमिनीचा वरचा थर उन्हाळ्यात वितळतो आणि हिवाळ्यात पुन्हा गोठतो, त्याला सक्रिय थर म्हणतात. तो कुठं हातभर असतो, कुठं दोन-तीन मीटर. त्याच्या खाली बारमाही गोठलेली जमीन सुरू होते आणि सायबेरियात काही ठिकाणी ती दीड किलोमीटर खोलवर जाते. हजारो वर्षांची मुळं, गवत, शेवाळ, प्राण्यांचे अवशेष तिच्यात न कुजता पडून आहेत. त्यातल्या कार्बनचा अंदाज दीड लाख कोटी टनांच्या आसपास आहे, म्हणजे आज वातावरणात आहे त्याच्या जवळपास दुप्पट. जमीन वितळली की सूक्ष्मजीव कामाला लागतात आणि तो कार्बन डायऑक्साइड नि मिथेनच्या रूपानं बाहेर पडू लागतो.

तर हा अभ्यास मुळात मातीचा, दगडाचा आणि उष्णतेचा आहे. म्हणूनच माझं मत असं, की मराठवाड्यातल्या मुलांनी बर्फ पाहिलेला नाही याचं दडपण घ्यायचं कारण नाही. जमीन हलते म्हणजे काय, हे काळ्या मातीच्या माणसाला वेगळं शिकवावं लागत नाही. उन्हाळ्यात वावराला हात जाईल एवढ्या भेगा पडतात, पावसात तीच माती फुगते आणि मुरूम लागेपर्यंत पाया न खणलेल्या घराच्या भिंतींना तडे जातात. उत्तर ध्रुवाकडच्या गावांतही जमीन अशीच फुगते आणि खचते. फरक इतकाच, की तिथं हा खेळ पाण्याच्या गोठण्या-वितळण्याचा असतो. म्हणून तिथली घरं गोठलेल्या थरात रोवलेल्या खांबांवर उभी करतात आणि खालून वारा खेळता ठेवतात, घरातली ऊब जमिनीला लागू नये म्हणून.

हे न जमल्याची किंमत मोठी असते. २९ मे २०२० रोजी रशियातल्या नोरिल्स्क शहराजवळ इंधनाची टाकी फुटून सुमारे २० हजार टन डिझेल वाहून गेलं. टाकीखालची गोठलेली जमीन खचल्याचं कारण तेव्हा पुढं आलं. चीननं २००६ मध्ये सुरू केलेल्या गोलमुद-ल्हासा रेल्वेमार्गाचा साधारण साडेपाचशे किलोमीटरचा पट्टा पर्माफ्रॉस्टवरून जातो. जमीन थंड राहावी म्हणून रुळांच्या कडेनं उष्णता बाहेर टाकणाऱ्या नळ्या रोवल्या आहेत. आपल्याकडचं उदाहरण याहून जवळचं आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये सिक्कीममधल्या दक्षिण ल्होनाक सरोवराच्या काठावरचा गोठलेल्या दगडमातीचा ढिगारा पाण्यात कोसळला, सरोवर फुटलं आणि चुंगथांगचं तीस्ता-३ धरण वाहून गेलं. लडाखमध्ये आज रस्ते, बोगदे, लष्करी तळ, सौरऊर्जेचे प्रकल्प यांची गडबड चालू आहे. तिथल्या जमिनीखाली कुठं काय गोठलेलं आहे, याचा नकाशा मात्र अजून विरळ आहे. कामाची गरज आहे ती इथं.

या कामाला भारतात सुरुवात झालेली आहे. लेह शहराच्या वर, खारदुंग-ला घाटाकडं जाणाऱ्या रस्त्याच्या बाजूला गांगलास नावाचं खोरं आहे. तिथं समुद्रसपाटीपासून ४,७०० मीटरच्या वर जमिनीत तापमान नोंदवणारी छोटी यंत्रं पुरून केलेला अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. रुडकीची राष्ट्रीय जलविज्ञान संस्था आणि आयआयटी रुडकी यांचे संशोधक त्यात होते, सोबत परदेशातले जाणकार. काश्मीर विद्यापीठात रॉक ग्लेशियर, म्हणजे आत बर्फ धरून अगदी सावकाश सरकणारे दगडांचे लोंढे, यांच्यावर काम चालतं. आयआयटी इंदूर, डेहराडूनची वाडिया संस्था, बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतलं दिवेचा केंद्र, चंदीगडची डीआरडीओची हिमस्खलन-संशोधन संस्था ही आणखी काही नावं. पुण्यात आयसर आहे. तिथल्या पृथ्वी आणि हवामान विज्ञान विभागात हिमनद्यांवर काम होतं, आणि संभाजीनगरहून सकाळच्या एसटीनं निघालं तर दुपारी तिथल्या व्याख्यानाला बसता येतं.

मराठी मुलुखातलं याआधीचं उदाहरण हवं असेल तर डॉ. अदिती पंत यांचं घ्या. जन्म नागपूरचा, बी.एस्सी. पुणे विद्यापीठाची. ॲलिस्टर हार्डी यांच्या समुद्रावरच्या एका पुस्तकानं त्यांना समुद्रविज्ञानाकडं वळवलं, असं त्यांच्याबद्दल नेहमी सांगितलं जातं. अमेरिकी सरकारची शिष्यवृत्ती मिळवून त्या हवाई विद्यापीठात गेल्या, लंडनच्या वेस्टफील्ड कॉलेजातून पीएचडी केली आणि परत येऊन गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत रुजू झाल्या. डिसेंबर १९८३ मध्ये निघालेल्या भारताच्या तिसऱ्या अंटार्क्टिका मोहिमेत त्या आणि सुदीप्ता सेनगुप्ता होत्या; भारताच्या अंटार्क्टिका मोहिमांतल्या या पहिल्या दोन स्त्रिया. पंत यांचा विषय काय? समुद्रातली सूक्ष्म शैवालं. ध्रुवावर त्यांना घेऊन गेला तो हा विषय, आणि तो त्यांनी बर्फापासून फार दूर बसून पक्का केला होता. तुमच्या बाबतीतही क्रम हाच राहणार. आधी एक विषय हाडीमाशी मुरवायचा, मग तो घेऊन थंडीत जायचं.

तो विषय कुठला असावा? चार वाटा आहेत: भूशास्त्र, पदार्थविज्ञान, स्थापत्य अभियांत्रिकी आणि संगणकासह दूरसंवेदन. अकरावी-बारावीला गणित सोडू नका, ही एवढी एक गोष्ट मी हात जोडून सांगेन. जीवशास्त्र ठेवलं तरी चालेल, मातीतले सूक्ष्मजीव हाही याच क्षेत्राचा मोठा भाग आहे, पण गणित हवंच. पदवीसाठी गाव सोडायची गरज नाही. शासकीय विज्ञान संस्था, देवगिरी महाविद्यालय, शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय, डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाचे विभाग, सगळं शहरात आहे. माहितीपुस्तिकेवर विसंबू नका. प्रवेशाआधी विभागात जाऊन यायचं, तो विषय या वर्षी खरोखर शिकवला जातो का, पूर्णवेळ शिक्षक किती, प्रयोगशाळा उघडी असते का, हे शेवटच्या वर्षाच्या मुलांना विचारायचं. चहा पाजलात तर खरं उत्तर मिळेल.

पदवीच्या तीन-चार वर्षांत एक प्रयोग जरूर करा. मला विचाराल तर तो दहा प्रमाणपत्रांपेक्षा मोलाचा आहे. घरामागच्या अंगणात, कॉलेजच्या आवारात किंवा शेतात, सावली पडणार नाही अशा जागी मीटरभर खड्डा घ्या. खड्ड्याच्या न हललेल्या भिंतीत ५, १५, ३०, ६० आणि १०० सेंटीमीटरवर तापमानाचे संवेदक आडवे खोचा आणि माती ज्या थरानं निघाली त्याच थरानं परत भरा. डीएस १८ बी २० नावाचा पाणीरोधक संवेदक शे-दोनशे रुपयांना मिळतो. तो आर्डुइनो किंवा ईएसपी ३२ बोर्डाला जोडून दर तासाला नोंद ठेवता येते. पुरण्याआधी संवेदक तपासायचे असतात. थर्मासमध्ये बारीक कुटलेला बर्फ भरा, त्यात बर्फ जेमतेम भिजेल एवढंच शुद्ध पाणी घाला, ढवळा आणि सगळे संवेदक एकदम आत सोडा. अर्ध्या तासानं प्रत्येकानं शून्य दाखवायला हवं. एखादा ०.३ दाखवेल, एखादा उणे ०.२. तो फरक वहीत लिहून ठेवायचा आणि पुढच्या प्रत्येक नोंदीतून वजा करायचा. पर्माफ्रॉस्टच्या कामात शून्याच्या अल्याड की पल्याड यावरच सगळं ठरतं, म्हणून लडाखला जाणारा संशोधकही आपली महागडी यंत्रं अशीच बर्फाच्या पाण्यात बुडवून तपासतो.

आठवडाभरात आलेख बोलू लागेल. पाच सेंटीमीटरवर दुपारी तापमान सर्रकन चढतं आणि रात्री उतरतं. तीसवर ती लाट जेमतेम उरते आणि कित्येक तास उशिरा पोचते. साधारण मातीत दिवसा-रात्रीची लाट दर दहा-बारा सेंटीमीटरला एक-तृतीयांशाच्या आसपास उरते. वर्षाची लाट यापेक्षा एकोणीस पट खोल जाते, कारण खोली काळाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते आणि ३६५ चं वर्गमूळ १९ च्या जरा वर आहे. म्हणजे उन्हाळा-हिवाळ्याचा फरक दर सव्वादोन मीटरला तेवढाच घटत जातो आणि दहा मीटरवर तो शंभरातला एखादा हिस्सा राहतो. तिथं मे आणि डिसेंबर जवळपास सारखेच. म्हणून पर्माफ्रॉस्टमधल्या विंधनछिद्रांत दहा-वीस मीटरवरचं तापमान मोजतात. ऋतूंचा गोंगाट तिथं संपलेला असतो आणि वर्षानुवर्षं हवामान कुठं चाललंय तेवढं ऐकू येतं. नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटांवर यान्सनहाउगन इथं १९९८ मध्ये याच कामासाठी शंभर मीटरहून खोल छिद्र घेतलं. कराडला पृथ्वी विज्ञान मंत्रालयाची विंधन-भूभौतिकी प्रयोगशाळा आहे. कोयनेचे भूकंप समजून घेण्यासाठी तिनं दख्खनच्या कातळात तीन किलोमीटर खोल छिद्र घेतलं. तिथल्या उन्हाळी इंटर्नशिपची चौकशी करायला काय हरकत आहे?

तुमच्या आलेखात एक गोष्ट मात्र दिसणार नाही, ती पुस्तकातूनच समजून घ्यावी लागेल. ध्रुवाकडं शरद ऋतू आला की सक्रिय थराचं तापमान उतरत उतरत शून्यावर येतं आणि तिथंच कित्येक आठवडे अडून बसतं. वर हवा उणे दहा झालेली असते, माती मात्र शून्यावर. कारण अकरावीच्या पुस्तकातलंच आहे: अप्रकट उष्मा. एक किलो पाणी गोठताना ३३४ किलोज्यूल उष्णता बाहेर टाकतं. तेवढ्या उष्णतेत तेच पाणी शून्यापासून ऐंशी अंशांपर्यंत तापलं असतं. ती सगळी निघून जाईपर्यंत थंडीला खाली उतरता येत नाही. आलेखावरच्या या आडव्या रेषेची लांबी पाहून मातीत ओल किती होती, हे मुरलेला संशोधक सांगतो. मुलाखतीत हे विचारतात.

जमिनीचं तापमान मोजणं हे एक कौशल्य झालं. दुसरं आपल्या भागात रोज वापरात आहे, फक्त वेगळ्या कामाला. बोअर घ्यायच्या आधी जमिनीत चार खुंट्या ठोकून विद्युतरोध मोजणारे लोक तुम्ही पाहिले असतील. तळहातावर नारळ उभा धरून पाणी दाखवणाऱ्या पाणाड्यांविषयी मी इथं काही बोलत नाही, त्यांचं स्थान वेगळं आहे. ओल्या खडकातून वीज सहज जाते, कोरड्या-अभंग खडकातून अवघड, हा या मोजणीचा पाया. गोठलेली जमीन विजेला जबर रोध करते, म्हणून हेच तंत्र, हेच इलेक्ट्रोड, हेच गणित लडाखमध्ये आणि अलास्कात जमिनीखालचा बर्फ शोधायला वापरतात. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या किंवा एखाद्या खासगी सर्वेक्षकाच्या हाताखाली एक उन्हाळा काढा, खुंट्या ओढा, नोंदी लिहा. अर्जात ‘रेझिस्टिव्हिटी सर्वेक्षणाचा प्रत्यक्ष अनुभव’ असं लिहिता येणारे अर्जदार थोडे असतात.

तिसरं, संगणक. पायथॉन आणि क्यूजीआयएस दोन्ही फुकट आहेत. डेहराडूनच्या भारतीय दूरसंवेदन संस्थेचे ऑनलाइन कोर्सही विनाशुल्क असतात. रडारच्या प्रतिमा एकावर एक ठेवून जमीन काही मिलिमीटर-सेंटीमीटर खचली का फुगली हे काढायचं तंत्र आता या क्षेत्राचं मुख्य हत्यार झालं आहे. ३० जुलै २०२५ रोजी श्रीहरिकोट्याहून गेलेला निसार हा इस्रो-नासाचा उपग्रह दर बारा दिवसांनी पृथ्वीवरची तीच ती जमीन पाहतो. त्याची विदा सर्वांना खुली ठेवण्याचं धोरण आहे. म्हणजे गारखेड्यातल्या खोलीत बसून लडाखमधलं चांगथांगचं पठार तपासता येईल. जुन्या कागदांनाही कमी लेखू नका. हिमनद्यांचे अभ्यासक डॉ. अनिल कुलकर्णी आणि सहकाऱ्यांनी भारतीय सर्वेक्षण विभागाचे १९६२ चे नकाशे आणि भारतीय उपग्रहांची चित्रं शेजारी ठेवून चिनाब, पार्वती आणि बास्पा खोऱ्यांतल्या ४६६ हिमनद्या मोजल्या आणि त्यांचं क्षेत्र २१ टक्क्यांनी घटल्याचं २००७ मध्ये दाखवलं. दोन कागदांतला फरक नीट मोजण्याच्या या कामाचे दाखले आजही दिले जातात.

पदवीनंतरच्या परीक्षांबद्दल थोडक्यात, कारण तपशील दरवर्षीच्या अधिसूचनेत असतो आणि तो तिथंच पाहावा. आयआयटीत एम.एस्सी.साठी ‘जॅम’, फेब्रुवारीत होते, अर्ज सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये. मुंबईच्या आयआयटीत उपयोजित भूशास्त्र आणि उपयोजित भूभौतिकी असे दोन्ही अभ्यासक्रम आहेत. एम.टेक.ला ‘गेट’. पीएचडीसाठी नेट, त्यात ‘पृथ्वी, वातावरण, महासागर व ग्रहीय विज्ञान’ हा विषय. थेट नोकरीसाठी यूपीएससीची भूवैज्ञानिकांची एकत्रित परीक्षा, त्यातून भूवैज्ञानिक सर्वेक्षण आणि केंद्रीय भूजल मंडळ यांच्या जागा भरतात. महाराष्ट्रातल्या पीएचडीच्या विद्यार्थ्यांसाठी बार्टी, सारथी, महाज्योती यांच्या फेलोशिप आहेत आणि अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांना परदेशी जाण्यासाठी राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्ती आहे. जातीचा दाखला, वैधता प्रमाणपत्र, उत्पन्नाचा दाखला ही कागदं आधीच काढून ठेवा. जाहिरात आल्यावर सेतू केंद्राच्या रांगेत उभं राहून मुदत हुकलेली मुलं दरवर्षी भेटतात.

परदेशाबद्दल माझं मत जरा वेगळं आहे. कर्ज काढून मास्टर्सला जाऊ नका. नॉर्वेनं २०२३ पासून युरोपबाहेरच्या विद्यार्थ्यांना विद्यापीठाची फी लावली, म्हणजे ती स्वस्ताईही गेली. त्याऐवजी एम.एस्सी. इथंच करून तिकडच्या पीएचडीला अर्ज करा. नॉर्वे, स्वीडन, जर्मनीत पीएचडी ही पगारी नोकरी असते. जर्मनीत पॉट्सडॅमची आल्फ्रेड वेगनर संस्था, अलास्कात फेअरबँक्सचं विद्यापीठ, कॅनडात ओटावाचं कार्लटन आणि क्वेबेकचं लावाल ही या विषयाची जुनी घरं. स्वालबार्डच्या लाँगइअरब्येनमधल्या विद्यापीठ केंद्रात पर्माफ्रॉस्टवर स्वतंत्र कोर्स आहे. याकुत्स्कची मेल्निकोव्ह संस्था १९६० पासून आहे आणि जगातल्या पर्माफ्रॉस्टचा फार मोठा भाग रशियातच आहे. पण २०२२ च्या युक्रेन युद्धानंतर पाश्चात्त्य संस्थांचं तिथलं सहकार्य जवळपास थांबलं, सायबेरियातल्या नोंदी तुटक झाल्या. तिथं जायचं ठरवलं तर पुढची दारं कुठली उघडी राहतील, हा विचार करूनच जा.

आता राहण्याचं. वर्षातले फार तर दोन महिने बाहेर, बाकी खुर्चीत, असंच बहुतेकांचं गणित असतं. लडाखचा हंगाम जून ते सप्टेंबर. लेह साडेतीन हजार मीटरवर आहे. विमानानं उतरल्यावर पहिले दोन दिवस झोपून, पाणी पिऊन काढायचे. ‘मला काही होत नाही’ म्हणत पहिल्याच संध्याकाळी बाजारात हिंडणारा तिसऱ्या दिवशी सगळ्या तुकडीचं काम अडवतो. वर गेल्यावरचं काम हमालीचं: बॅटऱ्या बदलणं, प्राण्यांनी कुरतडलेल्या तारा जोडणं, हातमोजे काढून बारीक स्क्रू फिरवणं. ध्रुवप्रदेशातलं एक प्रमाणित काम तर सळईनं होतं. शंभर मीटर लांब-रुंद चौकोनात दर दहा मीटरला एक अशा १२१ ठिकाणी पोलादी सळई जमिनीत दाबायची. गोठलेला थर लागला की ‘टक्’ असा धक्का हाताला कळतो, मग खोली लिहायची आणि पुढं सरकायचं. १९९१ पासून जगभर सक्रिय थराची मोजणी अशीच चालू आहे.

भारताचं ध्रुवीय काम गोव्यात वास्कोच्या राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्रातून चालतं. स्पितीमध्ये ‘हिमांश’, स्वालबार्डच्या न्यू-ऑलेसुंदला २००८ पासून ‘हिमाद्री’, अंटार्क्टिकात ‘मैत्री’ आणि ‘भारती’ ही त्याची ठाणी. मैत्री ज्या शिर्माकर भागात आहे तिथली उघडी जमीनही बारमाही गोठलेलीच आहे. हिमाद्रीजवळ बायेल्वा इथं जर्मन संशोधक १९९८ पासून जमिनीचं तापमान मोजताहेत. न्यू-ऑलेसुंदला ऑक्टोबरअखेरपासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत सूर्य उगवत नाही, आणि डिसेंबर २०२३ पासून भारतीय तुकड्या तिथं हिवाळ्यातही राहू लागल्या आहेत. वस्तीबाहेर पडताना अस्वलाला पळवून लावायचं साधन जवळ लागतं, संशोधक सहसा रायफल घेतात. अंटार्क्टिकाला जाणाऱ्यांची कडक वैद्यकीय तपासणी होते आणि उत्तराखंडात औलीला बर्फावरचं प्रशिक्षण. उन्हाळी तुकडी काही महिन्यांत परतते, हिवाळ्याला थांबणारी वर्षभराहून जास्त काळ. लहान मूल घरात असेल, आईवडील आजारी असतील, तर हिवाळी तुकडीचा अर्ज पुढं ढकला. त्यानं करिअर बुडत नाही.

याच ठाण्यांना शास्त्रज्ञांखेरीज डॉक्टर, स्वयंपाकी, इलेक्ट्रिशियन, वाहन-मेकॅनिक, जनरेटर सांभाळणारेही लागतात आणि त्यांच्या कंत्राटी जागा गोव्याचं केंद्र जाहिरात देऊन भरतं. वाळूज-चिकलठाण्यात डिझेल इंजिनांवर हात बसलेल्या आयटीआयच्या मुलांनी ती जाहिरात आवर्जून पाहावी. अनुभवाचा दाखला कंपनीच्या लेटरहेडवर, रुजू झाल्या-सोडल्याच्या तारखांसह घेऊन ठेवा.

शेवटचं काम पत्राचं. एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षातच, ज्यांच्याकडं काम करायचंय अशा पाच-सहा संशोधकांना वेगवेगळी ईमेल लिहा. एकच मजकूर सगळ्यांना पाठवला की तो लगेच ओळखू येतो. पहिल्या ओळीत त्यांचा कुठला शोधनिबंध वाचला आणि त्यातल्या कुठल्या आकृतीबद्दल शंका आहे, ते सांगा. दुसऱ्या परिच्छेदात अंगणातल्या त्या पाच संवेदकांचा वर्षभराचा आलेख जोडा आणि तो कसा तपासून घेतला, ते दोन वाक्यांत लिहा. तिसऱ्यात नेमकं काय हवंय ते: उन्हाळ्यात सहा आठवडे, की पीएचडीची जागा. ‘लहानपणापासून मला निसर्गाची ओढ’ हे वाक्य काढून टाका. गुणपत्रिका मागितल्याशिवाय पाठवू नका. तीन आठवड्यांत उत्तर आलं नाही तर त्याच ईमेलखाली दोन ओळींची आठवण करा, आणि त्यालाही उत्तर नसेल तर यादीतल्या पुढच्या नावाकडं वळा.